डीपीच्या पोटातलं पोलाद

गावाबाहेरच्या डीपीजवळ रात्री उभं राहिलं की एक संथ गुणगुण ऐकू येते. पंप बंद असतात, घरांतले दिवे मालवलेले असतात, तरी ती थांबत नाही. डीपीतल्या रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, आतला पोलादी गाभा, ज्याला या धंद्यातले सगळे ‘कोअर’ म्हणतात, सेकंदाला ५० वेळा सुलट-उलट चुंबक होत असतो. प्रत्येक फेऱ्यात पोलादाची लांबी दोनदा किंचित बदलते, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. त्याच फेऱ्यात थोडी वीज उष्णता होऊन निघून जाते. गाभ्यात २०० वॉट वाया जातात असं धरलं, तरी वर्षभरात १,७५२ युनिटं होतात, आणि ती ना पंपाला मिळतात, ना दिव्याला.

हा आकडा मोठा की लहान, हे ठरवणाऱ्या गोष्टींत गाभा ज्या पातळ पोलादी पत्र्यांचा रचलेला असतो, त्या पत्र्याची दिशा फार महत्त्वाची आहे.

लाकूड उभं सहज फुटतं, आडवं फुटत नाही, हे कुऱ्हाड हातात घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पोलादाबद्दल असं काही आपल्या मनात येत नाही, कारण त्याचे रेषे डोळ्यांना दिसत नाहीत. पण लोखंडाचा एकेक स्फटिक घनाकृती मांडणीचा असतो, आणि त्या घनाच्या कडेच्या दिशेने तो सहज चुंबक होतो. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने त्याला सगळ्यांत जास्त जोर लावावा लागतो. जपानमध्ये कोतारो होंडा आणि सेइजी काया यांनी १९२६ मध्ये लोखंडाच्या एकेकट्या स्फटिकांवर मोजमापं घेऊन हा फरक दाखवून दिला. नेहमीच्या पत्र्यात असे असंख्य स्फटिक वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे एकाचा गुण दुसऱ्याच्या अवगुणात बुडून जातो.

ते सगळे एका दिशेला वळवता आले तर? अमेरिकन धातुतज्ज्ञ नॉर्मन गॉस यांना १९३४ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मिळालं, तिने हेच साधलं. सुमारे ३ टक्के सिलिकॉन असलेलं पोलाद थंड अवस्थेत लाटायचं, तापवायचं, पुन्हा लाटायचं, पुन्हा तापवायचं. अशा पत्र्यातले स्फटिक घनाच्या कडेवर उभे राहतात आणि त्यांची एक कड लाटण्याच्या दिशेला समांतर येते. आज बाजारात ‘सीआरजीओ’ नावाने मिळतो तो हाच पत्रा. जाडी साधारण ०.२३ ते ०.३५ मिलिमीटर.

मला यातला सगळ्यांत विलक्षण टप्पा वाटतो तो शेवटच्या भट्टीचा. हायड्रोजनने भरलेल्या भट्टीत, सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला, पत्र्याची गुंडाळी कित्येक तास तापत राहते. पोलादात मुद्दाम राखलेले मँगनीज सल्फाइड किंवा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचे सूक्ष्म कण बहुतेक स्फटिकांची वाढ रोखून धरतात. हव्या त्या दिशेचे स्फटिक सुरुवातीला अगदी मोजके असतात, पण तेच शेजाऱ्यांना गिळत वाढत जातात. मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे स्फटिक मिलिमीटरांचे, उत्तम प्रतीच्या पत्र्यात तर सेंटिमीटरचे होतात. पत्र्यावरचा राखाडी, काचेसारखा थर आम्लाने काढला तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नेमके हेच स्फटिक का जिंकतात, यावर संशोधक अजून वाद घालत आहेत. १९६०च्या दशकात जपानी पोलाद उद्योगाने ही पद्धत आणखी नेमकी केली, आणि स्फटिकांचा लाटण्याच्या दिशेपासूनचा सरासरी कल सुमारे ७ अंशांवरून ३ अंशांच्या आसपास आला.

एवढं करून मिळालेली दिशा पुढे जपावी लागते. या पत्र्याला चुंबक व्हायला सगळ्यांत अवघड दिशा लाटण्याच्या दिशेशी ९० अंशांची असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती ५५ अंशांच्या आसपास असते, कारण घनाचा तो कर्ण तिथे येतो. गाभ्याच्या कोपऱ्यावर चुंबकीय प्रवाहाला वळावंच लागतं. म्हणून पट्ट्यांची टोकं ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवतात आणि थरागणिक सांधा थोडा सरकवतात. कापताना कडेला राहिलेली बारीक बर, म्हणजे उंचावलेली धार, दोन पट्ट्यांमधलं विद्युतरोधक आवरण फोडते. पट्टी वाकवली, ठोकून बसवली, तरी आत ताण राहतो आणि नुकसान वाढतं. कोअर रचणारा कामगार पट्टी अलगद सरकवतो तेव्हा तो भट्टीतली ती सगळी मेहनत सांभाळत असतो, आणि त्या हाताचं मोल आपण पुरेसं जाणत नाही.

मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, तिथे एकाच दिशेचा गुण उपयोगी पडत नाही. पंपाच्या मोटरला म्हणून मुद्दाम सर्व दिशांना जवळपास सारखा वागणारा पत्रा वापरतात.

भारतात सीआरजीओ फार थोडा बनतो, बराचसा बाहेरून येतो. त्याचा एक कारखाना नाशिकजवळ, इगतपुरी तालुक्यात आहे. पूर्वी थायसेनक्रुपचा असलेला हा कारखाना २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. पत्रा महाग, म्हणून जुन्या रोहित्रांतून निघालेल्या पट्ट्या पुन्हा कापून वापरण्याचा मोह बाजारात असतो. अशा पट्टीने काय काय सोसलंय, हे वरून कळत नाही.

जळालेली डीपी दुरुस्तीला जाते तेव्हा सगळ्यांचं लक्ष वाइंडिंगच्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमवर असतं. गाभा मात्र बहुधा तोच, उचकटून पुन्हा रचलेला. रोहित्र विकत घेणाऱ्या सोसायट्यांना, कारखान्यांना आणि दुरुस्ती करून घेणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे: ताब्यात घेण्याआधी ‘नो-लोड लॉस’, म्हणजे भार नसतानाच्या नुकसानाच्या, चाचणीचा कागद मागा आणि तो आकडा ऑर्डरमधल्या आकड्याशी ताडून पाहा. नव्या रोहित्राच्या गाभ्यासाठी पत्रा बनवणाऱ्या मिलचं प्रमाणपत्रही मागा.