मुंडकं उडालं, पण काम शाबूत!

दादरला इंडिकेटरवर ‘एस’ लागतो आणि बदलापूरला निघालेला पाहुणा ‘बीएल’ची वाट बघत जागचा हलत नाही. शेवटी शेजारचा कुणीतरी सांगतो, “अहो, एस म्हणजे कर्जत. बदलापूरला थांबते, चढा!”

उल्हासनगर-अंबरनाथच्या पोरापोरींना प्रोग्रामिंग शिकताना ‘गिट’ भेटतं, तेव्हाही असंच होतं. फक्त शेजारी कुणी नसतं.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही. लिनस टॉरवाल्ड्सने ते 2005 मध्ये लिहिलं, ते लिनक्सच्या कामात मुरलेल्या मंडळींसाठी. साहजिकच त्याची भाषाही जाणकारांची. भलत्याच फोल्डरमध्ये कमांड दिली, तर उत्तर येतं, ‘फेटल: नॉट अ गिट रिपॉझिटरी’. फेटल म्हणजे जीवघेणं! खरं तर फक्त योग्य फोल्डरमध्ये जायचं असतं. जुनी नोंद उघडली, की ‘डिटॅच्ड हेड’: धडावेगळं मुंडकं! ‘हेड’ म्हणजे आपण कुठल्या नोंदीवर आहोत ते दाखवणारी खूण. ती ब्रँचवरून, म्हणजे नोंदींच्या फांदीवरून, सुटून थेट एका नोंदीवर टेकलेली असते, एवढंच.

घाबरलेला नवखा मात्र अख्खं फोल्डर पुसून सगळं नव्याने उतरवून घेतो. सर्व्हरवर न पाठवलेलं काम त्यात जातं. चूक चिमूटभर, दणका संदेशाचा.

याच गिटमध्ये चांगला नमुनाही आहे. मुंडकं सुटलेलं असताना नवी नोंद केली आणि तशीच सोडून दुसऱ्या ब्रँचवर गेलात, तर ते बजावतं: एक नोंद मागे राहतेय, ती कुठल्याच ब्रँचला जोडलेली नाही, ठेवायची असेल तर ही कमांड द्या. कमांडमध्ये नोंदीचा क्रमांकही आयता भरलेला. काय झालं, काय धोक्यात आहे, आता काय करायचं, तिन्ही एका दमात.

कधी संदेशापेक्षा कमांडच बदलावी लागते. ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँचही बदलायची आणि फाइलमधले बदलही पुसायची. 2019 मध्ये 2.23 या आवृत्तीत त्या कामांसाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ अशा वेगळ्या कमांड आल्या.

गाडी रखडली, की फलाटावर ‘दिलगीर आहोत’ ऐकू येतं. थांबावं की रिक्षा धरावी, ते कळत नाही. स्वतःचं पहिलं ॲप लिहिणाऱ्यांनी हे आठवावं. दिलगिरी नंतर, आधी त्या शेजाऱ्यासारखं सांगा, गाडी कुठली आणि चढायचं की नाही.