शेत चौकटीत येतं तेव्हा

१८७५ साली जर्मन चित्रकार माक्स लीबरमान यांनी बटाट्याची काढणी रंगवली. ना देव, ना राजा. नुसती माती आणि वाकलेल्या पाठी.

औंधची गोष्ट नेमकी उलटी. खटावच्या कोरडवाहू टापूतलं हे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, पण ओढा रामायणाकडे. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर आहेत, हेन्री मूर यांचं शिल्पही आहे. एवढ्याशा गावात!

शेतशिवार चौकटीत यायला पुढची पिढी लागली. औंधला स्थायिक झालेले वेदाभ्यासक पंडित सातवळेकरही चित्रकारच. त्यांचे चिरंजीव माधव युरोपात शिकले, आणि परतल्यावर त्यांनी गावाकडचं साधं जगणं रंगवलं. पौराणिक चित्रांपेक्षा ते आज अधिक ताजं वाटतं.