सर्जनचा हात किती जड?

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काम करताना सर्जनचं अवजार त्या पडद्याला किती रेटतं, याची मोजणी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेक वेळा हा जोर साडेसात मिलिन्यूटनपेक्षा कमी भरला. म्हणजे पाऊण ग्रॅमचा भारसुद्धा नाही. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की इतक्या हलक्या स्पर्शांपैकी जेमतेम १९ टक्के सर्जनच्या बोटांना जाणवण्याजोगे होते. उरलेल्या वेळी आपला हात किती दाबतो आहे याची बोटांना खबरच नाही. सगळी भिस्त नजरेवर.

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. हा गुण मोजायचा कसा, याचं उत्तर वैद्यकशिक्षणाकडे फार काळ नव्हतं. निवासी डॉक्टरने किती केसेस केल्या, किती वेळात केल्या आणि सरांचं त्याच्याबद्दल काय मत आहे, एवढ्यावर भागत असे. टोरांटो विद्यापीठात रिचर्ड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यासाठी एक गुणतक्ता तयार केला. सात मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातला पहिलाच मुद्दा, ऊतींना किती जपून हाताळलं. हा खरं तर जोराचाच प्रश्न, पण उत्तर द्यायचं ते बघून.

या बघण्याला कमी लेखण्याचं कारण नाही. मिशिगन राज्यात लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपापल्या एका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण दिलं. कोणाचे हात आहेत हे न सांगता ते इतर सर्जनना दाखवून गुण घेतले गेले. २०१३मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. गुणांत तळाच्या चौथाईत असलेल्या सर्जनच्या रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली, वरच्या चौथाईत ५.२ टक्क्यांना. मृत्यूचं प्रमाण ०.२६ आणि ०.०५ टक्के. चित्रफीत सर्जनने स्वतः निवडून दिलेली, म्हणजे बहुधा त्याच्या दृष्टीने बरीच. तरीही फरक लपला नाही. हे सगळे अनुभवी, स्वतंत्रपणे काम करणारे सर्जन होते, शिकाऊ नव्हेत.

म्हणजे जाणत्याची नजर हात ओळखते. मात्र दाब तिला नीट दिसत नाही. कार्ला प्यू या सर्जन-संशोधिकेच्या गटाने स्तनतपासणीच्या कृत्रिम नमुन्यांत दाब मोजणारे सेन्सर बसवले आणि ५५३ डॉक्टरांना तपासायला सांगितलं. छातीच्या पिंजऱ्यालगतची खोल गाठ शोधायला १० न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर भाराइतका तरी दाब लागतो. सुमारे १५ टक्के डॉक्टर तिथवर पोचतच नव्हते. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला यातला फरक कळत नाही. बोटं तशीच फिरताना दिसतात. इथे हलका हात हाच दोष ठरला, हे मला या कामातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जोर मोजायचा म्हटलं की आपल्या डोक्यात धसमुसळा सर्जन येतो, भिडस्त बोटं येत नाहीत.

टाक्यांतही तेच. आतड्याच्या जोडाची गाठ सैल राहिली तर गळती, करकचून आवळली तर कडांचा रक्तपुरवठा तुटणार. म्हणून नुसता ‘सर्वाधिक जोर’ पाहून भागत नाही; तो किती झटक्यात चढला, काम झाल्यावर लगेच उतरला का, दर टाक्याला सारखा होता का, हेही पाहावं लागतं. स्वीडनमधल्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४मध्ये दाखवलं होतं, की वस्तू उचलताना आपली पकड ती निसटू नये एवढ्या जोरापेक्षा थोडीशीच जास्त असते, आणि वस्तू सरकू लागताच ती आपोआप घट्ट होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे शहाणपण अडखळतं. मधे लांब दांडा असतो, तो पोटातल्या छिद्रात बसवलेल्या नळीला घासतो, आणि हाताला जाणवतो तो ऊतीचा आणि घर्षणाचा मिळून जोर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात सरावाच्या नमुन्याखाली सेन्सर लावून हे मोजलं, तेव्हा नवशिके अनुभवींपेक्षा बरंच जास्त ओढताना आढळले. मग पडद्यावर एक बाण दाखवला: जोर किती आणि कुठल्या दिशेला. बाण पाहत शिकलेल्यांची ओढ कमी झाली.

सरावाच्या वस्तूतून जोर शिकवण्याची युक्ती मात्र जुनी आहे. सुश्रुतसंहितेत छेद देण्याचा सराव भोपळ्यावर आणि काकडीवर, शिरावेधाचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, तर टाक्यांचा जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर करायला सांगितला आहे. भोपळ्याला चालणारा हात कमळाच्या देठाला चालत नाही. तिथे आकडा नव्हता, एवढंच.

आकड्याची मर्यादाही उघड आहे. सुजलेलं पित्ताशय आणि निरोगी पित्ताशय एकच जोर मागत नाहीत, आणि आता पुढे न जाता थांबावं हा निर्णय कुठलाच सेन्सर नोंदवत नाही. म्हणून परवाना द्यायला-नाकारायला हे आकडे वापरण्याची घाई नको. शिकणाऱ्याला आपला आलेख पाहायला मिळणं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे एमएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्ण तपासायचा असतो, अवजारं आणि एक्स-रे ओळखायचे असतात, तोंडी परीक्षा असते. परीक्षकासमोर शस्त्रक्रिया सहसा नसते. हाताची साक्ष देते ती लॉगबुकावरची सही. महागडे सिम्युलेटर प्रत्येक शासकीय महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे कारण एका मर्यादेपर्यंतच खरं. टाके घालायच्या पॅडखाली ज्या जातीचा लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, लागतो, तो किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही असतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो.