लिंबू, राखुंडी आणि पेरॉक्साइड

सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचे एनॅमल विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू असतो २ च्या आसपास. त्यामुळे लिंबाची फोड चोळून आलेली चकाकी ही बहुधा झीजच, आणि झिजलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. राखुंडी, कोळशाची पूड वरवरचे डाग खरवडते. पण एनॅमल पातळ झाले की खालचे पिवळसर डेंटिन उलट जास्तच दिसू लागते. मिश्रीचे तर नावच नको. ती भाजलेली तंबाखू.

दात पांढरे करण्यासाठी दंतवैद्य वापरतात ते पेरॉक्साइड दातात झिरपून रंगद्रव्याचे रेणू तोडते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. त्याने काही दिवस गार पाणी दातांना झोंबू शकते, हिरड्या चुरचुरू शकतात. किडलेला दात मात्र आधी भरून घ्यावा लागतो. कॅपचा रंग बदलत नाही.