खजूर निर्दोष होता
गेल्या रमजानात सहरीनंतर अम्मीचा वरचा ओठ सुजला. ना खाज, ना पुरळ. खजूर बाधला, असं आम्ही ठरवून टाकलं. कारण निघालं रक्तदाबाची रॅमिप्रिल, दोन वर्षं बिनतक्रार घेतलेली! या गटातल्या गोळ्यांनी ओठ, जीभ, घसा वर्षांनंतरही सुजू शकतो. श्वास अडला तर जिवावर बेततं. अशा वेळी इफ्तारची वाट पाहायची नसते. हायड्रोक्लोरोथायझाइडने काहींची कातडी उन्हात लाल होते, अम्लोडिपिनने घोटे सुजतात. तरी गोळी मनानेच बंद करू नये. डॉक्टर बदलून देतात.

अम्मी रोजा तोडायला तयार नव्हती. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिलीय, असं मौलानांनी फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे रिक्षात बसली. तो रोजा तिने ईदनंतर पूर्ण केला.