‘बघायलाच तर गेलो होतो...’

रविवार संध्याकाळ. कल्याण पूर्वेच्या मेट्रो मॉलमध्ये शिरणाऱ्या कुणालाही विचारा, काय घ्यायचंय? उत्तर बहुधा ठरलेलं: ‘काही नाही हो, असंच. टाइमपास!’ आणि दोन तासांनी हीच मंडळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षा शोधत असतात. असं का होतं बुवा?

सगळा दोष आपल्या मनाचा नाही. व्हिएन्नात जन्मलेला आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन याने 1956 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ‘साउथडेल’ हे बंदिस्त, एसी शॉपिंग सेंटर उभारलं. थंडीवाऱ्यातही लोकांना भेटायला एक चौक असावा, हा त्याचा फंडा. पण त्याचं नाव चिकटलं भलत्याच गोष्टीला! साबण घ्यायला आलेला माणूस झगमगाटात साबण विसरतो आणि नुसता भटकत, खरेदी करत सुटतो, त्याला म्हणतात ‘ग्रुएन ट्रान्सफर’. पुढे ग्रुएन स्वतःच मॉल्सना नावं ठेवायला लागला.

आपल्याकडे सुरुवात जरा उद्धट झाली. हाजी अलीला 1999 मध्ये ‘क्रॉसरोड्स’ उघडला, तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर एन्ट्री फी भरा, असा मामला होता. लोकलने येणाऱ्या पब्लिकला मेसेज क्लिअर!

किशोर बियाणींनी हीच भीती ओळखली. चकाचक, शांत दुकानात आपला माणूस बिचकतो. गर्दी दिसली की त्याला वाटतं, इथे स्वस्त मिळतंय. म्हणून 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बाजार’मध्ये मुद्दाम गजबज ठेवली. मालाचे ढीग, हातात घेऊन बघता येतील असे तांदूळ-डाळी. थोडक्यात, आपल्या लक्ष्मी मार्केटला एसी लावला! 26 जानेवारी 2006 च्या ‘सबसे सस्ता दिन’ला एवढी झुंबड उडाली, की काही दुकानांना शटर ओढावं लागलं.

मॉलला नाकं मुरडणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. लोकलमध्ये आठवडाभर चेंगरल्यावर थंड हवा, स्वच्छ टॉयलेट आणि मैत्रिणींसोबत निवांत बसायला जागा, हे कल्याणात आणखी कुठे मिळतं? काळा तलाव आहे, पण मे महिन्याच्या दुपारी बसून दाखवा!

खरी गोम आहे स्वाइपमध्ये. दोन स्टेशनांवरच्या उल्हासनगरात जीन्ससाठी घासाघीस करताना खिशातली शेवटची नोट दिसते. कार्डात ती दिसत नाही. बिल आल्यावर आपण फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरतो आणि उरलेल्यावर अनेक कार्डांना महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास! सेलमध्ये वाचलेले पैसे इथे गेले.

आणि कर्ज फक्त गिऱ्हाइकालाच बुडवतं असं थोडंच आहे? बिग बाजार चालवणारी फ्युचर रिटेल कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बरीच दुकानं त्याआधीच रिलायन्सने ताब्यात घेतली होती.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आधी न सांगता थेट काउंटरवर कॅरीबॅगचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये बिग बाजारच्याच प्रकरणात ठरवलं. तेव्हा पुढच्या वेळी बिलाची शेवटची ओळही वाचा. रक्कम छोटी असेल, पण लाजू नका, विचारा.