तोरणमाळचा रानपिंगळा आणि जगाचे जनुक-भांडार

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे जंगल हे रानपिंगळ्याच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीलायक पुरावा मिळेना. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना ते पुन्हा आढळले. तरीही एक जुना वाद उरलाच : हा पक्षी स्वतंत्र प्रजातीचा, की गावोगावच्या पिंगळ्याचा भाऊबंद?

उत्तर डीएनएमध्ये दडलेले होते. मात्र एकाच पक्ष्याचा जनुकीय अनुक्रम वाचून नाते ठरत नाही. तुलनेसाठी इतर घुबडांचे अनुक्रम हवेत. अमेरिकेची जेनबँक, युरोपातील न्यूक्लिओटाइड भांडार आणि जपानमधील डीडीबीजे येथे ते कोणालाही विनामूल्य मिळतात. या तिन्ही संस्था नोंदींची नियमित देवाणघेवाण करतात; त्यामुळे एका ठिकाणी दाखल झालेला अनुक्रम त्याच क्रमांकाने तिन्हीकडे सापडतो. अशा खुल्या नोंदींच्या साहाय्याने भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये रानपिंगळा पिंगळ्याच्याच 'अथीन' प्रजातीत मोडतो, असे दाखवून दिले.

या खुलेपणाला दुसरी बाजूही आहे. अनुक्रम जगभर पोहोचतो. त्यातून कंपन्यांना नफा झाला, तर मूळ जंगल राखणाऱ्यांना काय मिळते? अशा कंपन्यांनी योगदान द्यावे, यासाठी २०२५ मध्ये 'काली निधी' सुरू झाला. त्यातील किमान निम्मा वाटा आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी अपेक्षित आहे. मात्र हे योगदान ऐच्छिक आहे. हा वाटा सातपुड्यातील पाड्यांसारख्या वस्त्यांपर्यंत पोहोचला, तरच ही देवाणघेवाण खऱ्या अर्थाने दुहेरी ठरेल.